लत्तलूरचे स्वामी आणि आमची वंशावळ

सध्या आमच्या भावकीत कुलवृत्तांताची धामधूम चालू आहे. शिरूर अनंतपाळच्या आमच्या घराची नावं सहा पिढ्यांपर्यंत नीट लागतात. त्याच्या वर एकदम यदुवंश! मधले पूर्वज कुठे गेले, ते विचारायचं नाही. मंडळी, मला हे पटत नाही. का, ते सांगायला राष्ट्रकूटांकडे जावं लागेल. फार लांब नाही, लातूरपर्यंतच.

सम्राट पहिला अमोघवर्ष राज्य करायचा मान्यखेटहून, म्हणजे कर्नाटकातल्या मळखेडहून. पण इ.स. ८६६ च्या शिलालेखात त्याचं बिरुद आहे 'लत्तलूरपुरवरेश्वर', लत्तलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. (लेख सापडला तेही गाव शिरूरच, पण धारवाडकडचं. आपण उगाच खूश होऊ नये!) एवढं साम्राज्य हाताशी असूनही माणूस आपलं मूळ गाव सांगतो, हे मला फार आवडतं. पुढे सौंदत्तीचे रट्टही हेच बिरुद लावत राहिले.

मग यदुवंश? तो नंतर आला. दंतिदुर्गाच्या ७५४ च्या सामानगड ताम्रपटात घराणं साध्या माणसांपासून सुरू होतं: गोविंद, कर्क, इंद्र, मग स्वतः दंतिदुर्ग. तिसऱ्या कृष्णाच्या ९४० च्या देवळी ताम्रपटात मात्र यदू आहे, सात्यकीचं कूळ आहे, रट्ट नावाचा राजा आहे आणि त्याचा मुलगा म्हणे राष्ट्रकूट! म्हणजे घराण्याचं नाव आधी, त्या नावाचा पूर्वज मागाहून. सत्ता मुरली की पूर्वज वाढतात...

आणि तरी ते लोक आमच्यापेक्षा मोकळे होते. याच इंद्राने चालुक्य राजकन्येला लग्नमंडपातून राक्षसविवाहाने पळवून आणलं, हे ८७१ च्या संजान ताम्रपटात चक्क अभिमानाने कोरलंय. (अभिमान बाळगावा अशी गोष्ट नव्हे, पण लपवली तरी नाही.) आमच्या वृत्तांतात आंतरजातीय लग्न केलेल्या आत्याचं नावसुद्धा नाही. इतर लेकीबाळींचीही नाहीत म्हणा.

असो. माझं म्हणणं एवढंच, की यदूला राहू द्या. १९५४ चं खासरा पत्रक काढा, शाळेचं जुनं रजिस्टर बघा, निजामाच्या काळातले उर्दू कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. तिथे नाव थांबलं की आपणही थांबावं. आत्याचं आणि तिच्या दोन्ही मुलांची नावं मी संपादक काकांना लेखी कळवली आहेत. छापतात का, बघू.