पुतण्याचा पेला

द्राक्षांचें आमचें नाशिक आतां मद्यासाठींहि ओळखलें जातें. येथील सुला मद्यशाळा १९९९ सालची. आमच्या पुतण्यानें डॉक्टरांच्या सांगण्यावरून मद्य सोडलें. मागें त्याच्याकडे मित्रमंडळी जमली, तेव्हां सर्वांच्या हातीं रंगीत पेले आणि यजमानाच्या हातीं साधें पाणी, हें पाहून आम्हांस वाईट वाटलें. असें एकटेपण व्रत मोडावयास पुरेसें होतें.

इंग्लंडांत २०१५ सालीं सीडलिप नांवाचा मद्यार्करहित अर्क निघाला. तसे अर्क आतां आपल्याकडेहि मिळतात. मात्र घेतांना बाटलीवरील चिठ्ठी वाचावी. आपल्या देशाच्या नियमांत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असलेलें पेय मद्यांत गणलें जात नाहीं. व्रतस्थानें शून्य लिहिलेलीच बाटली घ्यावी.

अर्क न मिळाला तरी अडत नाहीं. क्यूबाच्या मोहितो पेयांतील रमची जागा, वाचकहो, आपल्या काकवीस द्यावी. दोघींचें मूळ ऊंसच. दर पेल्यास दोन चमचे काकवी, अर्ध्या लिंबाचा रस, पुदिन्याचीं दहा चुरगळलेलीं पानें, आणि मद्याच्या दाहाऐवजीं चमचाभर आल्याचा रस घालावा. वर थंड सोडा ओतावा.

आमच्या साहित्यशास्त्रांत पानकरसाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: गूळ, मिरीं इत्यादि एकत्र आलीं कीं त्या सर्वांहून निराळीच गोडी उपजते. गेल्या रविवारीं पुतण्यानें हेंच पानक सर्वांस दिलें. यजमानाचा पेला कोणता, हें कोणासच ओळखतां आलें नाहीं.