पाठ दुखण्याआधी रक्त पडलेले असते

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि पालकमंत्री,
गोंदिया जिल्हा.



मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाबद्दल हे पत्र लिहीत आहे. या आजाराने जगात दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास माणसे दगावतात. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सत्तर हजार नवे रुग्ण सापडतात. हा आजार पसरला की बहुधा आधी यकृतात जातो, मग फुप्फुसात, कारण आतड्याचे रक्त यकृतातूनच पुढे जाते. एवढे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असते आणि तपासणीही तिथेच होते. पण काही रुग्णांत तो भलत्याच ठिकाणी निघतो. मणक्यात, मेंदूत, बाईच्या अंडाशयात, बेंबीत, कातडीखाली, जुन्या ऑपरेशनच्या व्रणात, क्वचित थायरॉइडमध्येसुद्धा.

यामागे कारणे आहेत. गुदाशयाच्या खालच्या भागाचे रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरांत जाते. मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, त्यांतले रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये हे दाखवून दिले. त्याआधी १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने म्हटले होते की कर्करोगाचे बी सगळीकडे उडते, पण जिथली माती मानवते तिथेच रुजते. धानाच्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीत वाकून असते. तिची पाठ दुखली तर रोवणीनेच दुखणार, असे घरचे धरून चालतात, दवाखान्यातही तसेच समजतात. गोळी मिळते, मलम मिळते. दुखणे रात्री झोपू देत नाही का, आडवे झाल्यावर वाढते का, म्हणजे कर्करोग मणक्यात पसरला आहे का, याची चौकशी होत नाही. पाय जड पडू लागले, लघवी अडू लागली, म्हणजे मज्जारज्जूवर दाब आला. तिथून पुढे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. त्या वेळी केसोरीहून किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून नागपूर गाठायचे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको. गोंदियाहूनच नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे.

त्या बाईचे रक्त मात्र कितीतरी आधीपासून जात असते. संडासातून पडणारे रक्त दिसले की गावात त्याला मूळव्याध म्हणतात. ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या रस्त्यारस्त्यांवरच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत आणि माणूस आधी तिकडेच वळतो. बाई तर लाजेने बोलतच नाही. गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात असेल तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही. नुसता अशक्तपणा येतो, दम लागतो, हिमोग्लोबिन उतरते. इथे आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा आहे. रक्त कमी म्हटले की सिकलसेल तपासतात. तो निघाला तर कारण मिळाले म्हणून पुढचा शोध थांबतो. नाही निघाला तर लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. सिकलसेलची मोहीम चांगली आहे, ती चालायलाच हवी. पण पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता सापडली तर रक्त पोटातून जाते आहे का हे पाहिलेच पाहिजे. जगभर हा नियम पाळला जातो. आपल्याकडे तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहून लावायला काय हरकत आहे?

आतड्याचा कर्करोग म्हातारपणीच होतो, हा समजही मोडायला हवा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१३-१४ मधल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला. त्यात सरासरी वय ४७ निघाले. निम्म्याहून अधिक जणांची तक्रार रक्त पडण्याचीच होती, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्णांत आजार आधीच दूरवर पसरलेला होता. शंभरातल्या सुमारे तेरा जणांच्या गाठी सिग्नेट रिंग प्रकारच्या होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. हा प्रकार यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या पडद्यावर, अंडाशयात, हाडांत जास्त जातो. म्हणजे पुस्तकात ‘दुर्मीळ’ म्हणून दिलेल्या जागा आपल्या डॉक्टरांनी अधिक जागरूकपणे पाहायला हव्यात.

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तोंडातली न भरणारी जखम, आवाजातला बदल, स्तनातली गाठ, पाळी नसताना जाणारे रक्त, हे सगळे त्या विचारतात. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या या मुलखात तोंडाची तपासणी आधी, हे मला मान्यच आहे. मात्र संडासातून रक्त पडते का, शौचाची सवय अलीकडे बदलली का, हा प्रश्न त्या कागदावर नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. दिल्लीने चौथा घालेपर्यंत थांबायचे कशाला? जिल्ह्याने आपल्यापुरत्या दोन ओळी वाढवाव्यात. उत्तर ‘हो’ आले तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासावे. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि गुदाशयातल्या खालच्या गाठी त्या बोटाला लागतात. स्त्री रुग्णासाठी स्त्री डॉक्टर किंवा जवळ परिचारिका हवी, नाहीतर तपासणी कागदावरच राहील. शौचातले न दिसणारे रक्त ओळखणारी फिट तपासणी लहानशा नळीत होते. रुग्णाने काडीला नमुना लावून नळी परत द्यायची, पथ्य काही नाही.

त्यापुढचा टप्पा कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने आतडे आतून पाहण्याचा. वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आपल्या गावात आहे. बालाघाट आणि राजनांदगावकडचे रुग्णही गोंदियाला येतात. महाविद्यालयात कोलोनोस्कोपीचे वार ठरवून जाहीर करावेत आणि आरोग्य केंद्रातून आलेल्या रुग्णासाठी जागा राखावी. आतड्यातला कोंब कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे घेतो. तो त्याच तपासणीत काढून टाकता येतो.

पसरल्यानंतरच्या रुग्णांबद्दलही एक मागणी आहे. आतड्याचे ऑपरेशन झालेला माणूस बेंबीतली कडक गाठ, व्रणातली सूज किंवा नवी हाडदुखी घेऊन आला, तर ‘चरबीची गाठ’ म्हणून ती कापून फेकू नये. तुकडा तपासणीला जावा. सीके २० आणि सीडीएक्स २ या रंगतपासण्यांतून गाठीचे मूळ आतड्यात आहे का, हे बरेचसे कळते. बाईच्या दोन्ही अंडाशयांत गाठी निघाल्या तर पिशवी काढण्याआधी आतडे तपासावे. भलत्या जागी पसरला म्हणजे सगळे संपले असेही नसते. एकाच जागी असेल तर काही वेळा ऑपरेशन किंवा किरणोपचार करून माणसाला चांगली वर्षे मिळतात. जिथे ते शक्य नाही तिथे मॉर्फिन मिळाले पाहिजे, आणि तेही जिल्ह्यातच.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर झाले आहे. पालकमंत्री महोदय, गोंदियाचे केंद्र कधी उघडणार, त्याची तारीख जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत सांगा. फॉर्ममधल्या दोन ओळींना मात्र निधी लागत नाही, बैठकही लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तेवढे परिपत्रक येत्या रोवणीच्या आधी काढावे, ही विनंती.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक रहिवासी