तिचा चान्स कधी?

रेवसच्या धक्क्यावर संध्याकाळची लाँच यायच्या आधी शेडमध्ये सहा-सात पोरं हमखास बसलेली दिसतात. मोबाईल आडवा धरलेला, दोन्ही अंगठे चालू, मान खाली. मधूनच एखादा ओरडतो, बाकीचे शिव्या घालतात, पुन्हा सगळे गप्प. किशोरी गटाच्या कामासाठी मी चार वर्षं इथे येते आहे. या पोरांतला एक बारावीचा. कधीही विचारा, गेमच्या जगातली ताजी बातमी त्याच्याकडे तयार असते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा सहावा भाग आधी 2025 मध्ये येणार होता, मग कंपनीने 26 मे 2026 सांगितलं, नोव्हेंबर 2025 मध्ये तीही तारीख पुढे ढकलून 19 नोव्हेंबर 2026 केली. घरातल्या म्हाताऱ्याने तिथीवरून भरतीची वेळ सांगावी तसं तो हे सांगतो. हा गेम ज्यावर चालायचा तो 'प्लेस्टेशन 5' फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात आला तेव्हा 49,990 रुपयांना होता. मुलाचे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. कन्सोल त्याने अजून हातातही धरलेला नाही. पण ती बातमी आपल्यासाठी लिहिलेली आहे, याबद्दल त्याला शंका नसते.

त्याची बहीण वर्षाने लहान. ती धक्क्यावर नसते. त्या वेळी ती अंगणात वाळत घातलेली सुकट गोळा करत असते, नाहीतर पाण्याला गेलेली असते. एकदा गटाच्या बैठकीत ती म्हणाली, "ताई, त्या नव्या गेममधी बाई हाय. लुसिया नाव तिचा." तुला कसं कळलं, म्हटलं. "त्याच्या पाठीमागं हुबी राहून बगते ना. मना पन येतं खेलाया. पन त्याचा खेलून झाला का मोबाईल चार्जिंगला. माजा चान्स कवा?"

या प्रश्नासाठी हा लेख. आणि सुरुवातीलाच मला आपल्या मैत्रिणींशी भांडायचं आहे.

आपल्या बैठकांत हा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, हे शहरातल्या पैसेवाल्या पोरांचं खूळ, आपल्यापुढे पाणी, रेशन, दारू असे 'खरे' प्रश्न आहेत. दुसरा, गेम म्हणजे व्यसन, मोबाईल काढून घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींनी सुटकेचा निःश्वास टाकला. योग्यच होतं. बचतगटाच्या कर्जाचे पैसे नवऱ्याने मोबाईलवरच्या रमीत घालवले म्हणून रडणाऱ्या बायांबरोबर मीही बसले आहे. पण तो जुगाराचा प्रश्न झाला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यताही दिली, हे मात्र आपल्या बैठकीत कुणी वाचून दाखवलं नाही. खेळ म्हटलं की पाठोपाठ स्पर्धा आल्या, प्रशिक्षण आलं, बक्षिसं आली, सरकारी पैसा आला. त्यात मुलींचा वाटा किती, हे आपण नाही विचारायचं तर कुणी? गावचं मैदान क्रिकेटवाल्यांनी घेतलं तेव्हा आपण गप्प राहिलो. शाळेतल्या मुलींना सांगितलं, बाजूने जा, बॉल लागेल. आता नवं मैदान हातात मावण्याएवढं झालंय, आणि तिथेही मुलगी पाठीमागे उभी आहे.

आणि 'मोबाईल काढून घ्या' म्हणताना तो कुणाच्या हातातून निघतो, तेही पाहा. मुलाचा काढला तर दोन दिवस जेवण सोडून तो परत मिळवतो. मुलीचा काढला की तो कायमचा गेला, वर तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 या काळात देशातल्या 54 टक्के बायकांनीच स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं. उरलेल्या जवळपास निम्म्या बायांच्या हातून काय काढून घेणार?

खेळायला मोबाईल लागतो, पण त्याआधी वेळ लागतो. 2024 च्या सरकारी वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांची 88. पाहणी सहा वर्षांच्या पोरीपासून पुढची आहे, म्हणजे आपल्या किशोरी गटातल्या सगळ्या त्यात आल्या. मधल्या तीन तास वीस मिनिटांत काय काय होतं, ते संध्याकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये जाऊन बघा. गेमच्या बातमीत लिहिलेलं असतं, 'या गेमची गोष्ट पुरी करायला चाळीस तास लागतात.' चाळीस तास! आमच्या गटातल्या मुलींना सलग चाळीस मिनिटं मिळवताना घाम फुटतो.

मला स्वतःला हे नवीन नाही. आमच्या घरी दिवाळीत टीव्हीवर लावायचा गेम आला तो भावासाठी. कॅसेट अडकली की ती काढून फुंकर मारायचं काम माझं. ते मला उत्तम जमायचं, म्हणून ते माझ्याकडेच राहिलं. मारिओ उड्या मारत राजकन्येला सोडवायला जायचा, राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात निघायची, भाऊ चिडायचा, मी फुंकर मारायची. नदीवरून विमान न्यायचा 'रिव्हर रेड' हा गेम 1982 साली कॅरोल शॉ नावाच्या बाईने बनवला होता, हे मला एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर कळलं. आठव्या वर्षी कळायला हवं होतं.

आता परीक्षणांकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. कुठल्याही नव्या गेमचं परीक्षण वाचा. चित्र किती ठळक, सेकंदाला किती फ्रेम, बंदुका किती प्रकारच्या, दहापैकी गुण किती. जेवणाबद्दल विचारावं आणि भांड्याला कल्हई चांगली आहे म्हणून सांगावं, तसं. गेममधली बाई काय करते, तिचं काय होतं, तिला कुणी मारलं तर खेळणाऱ्याला काय मिळतं, हे परीक्षकाच्या वहीत रकानाच नाही.

ज्या बाईने तो रकाना भरला, तिचं काय झालं? 2013 मध्ये याच 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पाचवा भाग आला. खेळायला तीन नायक, तिन्ही पुरुष. कॅरोलिन पेटिट या अमेरिकन परीक्षिकेने त्याला दहापैकी नऊ गुण दिले, भरभरून कौतुक केलं, आणि सोबत लिहिलं की यात स्त्रीद्वेष आहे. नऊ गुण दिले होते, बरं का! तरी तिला नोकरीवरून काढा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. ती पारलिंगी आहे, त्यावरूनही तिला घाण घाण बोलले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात हिंसा सोसलेल्या बायांनी सह्यांची मोहीम काढली, कारण या गेममध्ये वेश्येला पैसे देऊन नंतर मारून टाकता येतं. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या 'टार्गेट' आणि 'केमार्ट' या मोठ्या दुकानांनी गेम विक्रीतून काढला.

त्याच 2014 मध्ये 'गेमरगेट' झालं. त्याचंही निमित्त परीक्षणच. झोई क्विन यांनी स्वतंत्रपणे एक गेम बनवला. चांगलं छापून यावं म्हणून एका पत्रकाराशी संबंध ठेवले, अशी आवई उठली. त्या पत्रकाराने त्या गेमचं परीक्षण लिहिलेलंच नव्हतं. पण धमक्या सुरू झाल्या त्या थांबेनात. गेममधल्या बायकांच्या चित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीझियन यांचं ऑक्टोबर 2014 मध्ये युटाच्या विद्यापीठात व्याख्यान होतं. गोळीबार करू, अशी धमकी आली. तिथल्या कायद्याप्रमाणे परवाना असलेल्याला बंदूक घेऊन सभागृहात यायला अडवता येत नाही, असं पोलिसांनी सांगितल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केलं.

हे अमेरिकेत, असं म्हणून सोडून देऊ नका. अलिबागला कॉलेजात जाणारी आमची एक मुलगी रात्री भावाच्या आयडीवरून खेळते. माईक बंद ठेवून. एकदा चुकून चालू राहिला, ती फक्त "मागे आहे" एवढंच म्हणाली. पुढची दहा मिनिटं तिच्याच संघातले तिघे काय बोलत होते ते तिने मला सांगितलं. इथे छापता येणार नाही. घरी सांगायची सोय नाही, कारण उत्तर ठरलेलं: खेळायला कुणी सांगितलं होतं? एस.टी.त छेड काढली तर प्रवासच बंद, तोच हा न्याय.

गेम खेळून मुलं बाईवर हात टाकायला शिकतात, असं मी म्हणत नाही. इतका सरळ हिशेब असता तर आपलं काम फार सोपं झालं असतं. हात टाकणारे बहुतेक बाप्ये गेम न खेळताच शिकलेले आहेत. बंदीही मला नको. सिनेमाच्या पोस्टरवर काळं फासणाऱ्या आपल्या आधीच्या मैत्रिणींनी आपल्याला बाईचं चित्र वाचायला शिकवलं. 1986 साली स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा कायदा झाला, त्यात पुस्तक आलं, फिल्म आली, फोटो आला, गेम हा शब्द आला नाही. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. आपण वाचणंच सोडलं, ही आहे.

आम्ही रेवसला एक छोटी गोष्ट करून पाहिली. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' कंपनीने 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. श्रुती घोष त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. नायिका राजी, खेळ करून पोट भरणारी पोर, असुरांनी पळवलेल्या लहान भावाला, गोलूला, शोधायला निघते. मैत्रिणीच्या भाच्याकडून लॅपटॉप मागून आणला आणि रविवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत लावला. अट एकच, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, आणि नंतर परीक्षण लिहायचं. पहिल्या दोघी लाजून हसत बसल्या. तिसरीने मात्र असा काही त्रिशूळ फिरवला की सगळ्या ओरडल्या. बाहेरून दोन पोरं खिडकीशी आली आणि "असं नाय, तसं कर" सुरू केलं. मुलींनी खिडकी लावून घेतली.

परीक्षणं माझ्याकडे आहेत. ग्राफिक्सचा उल्लेख एकीनेच केला, "रंग झकास". एकीने लिहिलंय, "राजी जेवते कधी, ते दाखवलं नाही." दुसरीने, "हिची आई कुठे आहे?" आणि लुसियाची बातमी सांगणाऱ्या आमच्या त्या मुलीने पाच ओळींत संपवलंय: "राजी शूर आहे. मला आवडली. पण ती भावासाठी घराबाहेर पडली म्हणून कोणी काही बोललं नाही. राजी हरवली असती तर गोलू निघाला असता का? दहापैकी सात."

सहाला पाणी येतं. साडेपाचलाच एकीच्या आईची हाक आली, तशा तिघी उठल्या. त्यांचा खेळ आहे तिथे थांबवून ठेवला आहे. लॅपटॉप पुढच्या रविवारपर्यंत आमच्याकडे आहे.