तेरा इंची की पंधरा इंची?

"हलका लॅपटॉप घ्यायचाय. तेरा इंची घेऊ की पंधरा?" हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की प्रिंटर का चालत नाही इथपासून लग्नाच्या बायोडेटाची फाईल लहान कशी करायची इथपर्यंत सगळं आपल्याला ठाऊक असतं असा लोकांचा समज असतो, त्यातलाच हा एक. आणि आम्हा हिंजवडीच्या मंडळींचं त्यावरचं उत्तर पाठ असतं : छोटा घे रे, टेबलावर मोठा मॉनिटर लाव, काम झालं.

मला हे उत्तर पटत नाही. मॉनिटर असलेल्या माणसाने मॉनिटर असलेल्या माणसाला दिलेलं ते उत्तर आहे. ऑफिसात चोवीस इंची पडदा, घरी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला आणखी एक, आणि लॅपटॉप म्हणजे या दोन पडद्यांच्या मधल्या प्रवासात पाठीवर बसणारा डबा. अशा माणसाने तेरा काय, अकरा इंची घेतला तरी काय बिघडतंय? पण ज्याला एकच पडदा परवडणार आहे, त्याचा हिशोब वेगळा असतो.

सध्या हा प्रश्न माझ्या चुलत बहिणीचा आहे. ती आमच्या गावी असते, दिघोरीला. (नागपूरकरांसाठी खुलासा : उमरेड रोडवरची दिघोरी नव्हे. ही भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली.) नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी ती घरून टेस्टिंगचं काम करते, महिन्यातून एक-दोनदा तिकडे चक्कर असते. आतापर्यंत कंपनीच्या जुन्या लॅपटॉपवर भागत होतं, आता ज्याने त्याने स्वतःचा आणायचाय. अर्धे पैसे तिच्या पगारातले, अर्धे काकाजींच्या धानाच्या चुकाऱ्यातले. एकदा घेतला की पाच-सहा वर्षं हलायचं नाही. तिचं म्हणणं तेरा इंची. काकाजींचं म्हणणं, "मोठाच घे ना बाई, एवढुश्यात काय दिसते?"

दोघांच्या भांडणात पंच म्हणून माझी नेमणूक झाली आहे. तर पंचांचं म्हणणं ऐका.

पहिली गोष्ट, वजन. छोटा म्हणजे हलका आणि मोठा म्हणजे जड, हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कुणी तपासून बघत नाही. २००८ साली पहिलं मॅकबुक एअर आलं तेव्हा पाकिटातून काढून दाखवलेला तो १३.३ इंची लॅपटॉप १.३६ किलोचा होता, आणि जग तोंडात बोट घालून बघत राहिलं. २०१२ मध्ये थिंकपॅड एक्स-वन कार्बनने तेवढ्याच वजनात चौदा इंच दिले. आणि २०१९ च्या एलजी ग्रामने सतरा इंच बसवले १.३४ किलोत! आता एअरचंच बघा. २०२२ चं तेरा इंची १.२४ किलो, २०२३ मध्ये आलेलं पंधरा इंची १.५१ किलो. फरक २७० ग्रॅमचा. पाव किलो पोहे. नागपूरला जाताना पिशवीत यापेक्षा जास्त वजनाचा डबा आई कोंबते आणि आपण निमूट नेतो.

अर्थात मोठा आणि तरीही हलका असं यंत्र महाग पडतं, ही खरी ग्यानबाची मेख आहे. आपल्या आवाक्यातले सोळा इंची साधारण पावणेदोन किलोच्या आगेमागे असतात. तेव्हा वजन हा शेवटी पैशाचाच प्रश्न आहे, इंचांचा नाही.

बॅटरीचंही तसंच. मोठा पडदा जास्त वीज खातो हे खरं, पण मोठ्या अंगात बॅटरीही मोठी मावते. त्याच दोन एअरमध्ये लहानाची ५२.६ वॉट-अवरची आणि मोठ्याची ६६.५ ची, आणि कंपनीने दोन्हींचा दावा अठरा तासांचाच केला होता. म्हणजे गावात दुपारी लाईन गेली तर छोटा तारेल आणि मोठा बुडवेल, असं काही नसतं.

आता इंचांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. लॅपटॉपचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. शेताचं क्षेत्र कुणी एका बांधाच्या टोकापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावून सांगितलं, तर काकाजी त्याला घरी पाठवतील. आपण मात्र लॅपटॉपच्या बाबतीत नेमकं हेच मुकाट्याने मान्य करतो. लांबी-रुंदीचं प्रमाण बदललं की तोच कर्ण भलतंच काही दाखवतो.

मी बसून गणित केलं. (वीकांताला दुसरं काय करणार!) १३.३ इंची, १६:९ प्रमाणाचा पडदा १६.६ सेंमी उंच असतो. १५.६ इंची, त्याच प्रमाणाचा, १९.४ सेंमी. आणि १४ इंची पण १६:१० प्रमाणाचा पडदा १८.८ सेंमी उंच. म्हणजे पंधरा-सहाच्या आणि या चौदाच्या उंचीत फक्त सहा मिलिमीटरचा फरक! रुंदीत मात्र मोठा चार सेंमीहून जास्त पसरट. आता विचार करा, आपण पडद्यावर काय करतो? कोड वाचतो, पत्रं वाचतो, लेख वाचतो, आणि हे सगळं वरून खाली सरकतं. कडेची ती चार सेंमी जागा बहुतेक वेळा पांढरी पडून असते.

तुमच्यापैकी ज्यांनी २००४-०५ च्या आसपास पहिला लॅपटॉप वापरला असेल त्यांना तो जाडजूड ठोकळा आठवत असेल. १४.१ इंची, ४:३ प्रमाण. त्याच्या पडद्याची उंची होती साडेएकवीस सेंमी. नंतर टीव्हीच्या पडद्यांचं प्रमाण लॅपटॉपवर आलं, कारखान्यांना ते सोयीचं होतं, आणि तेवढ्याच कर्णात काचही कमी लागायची. आपल्याला सांगितलं गेलं की सिनेमा छान दिसेल. सिनेमा छान दिसला, पण कामाच्या ओळी गेल्या. मॅकबुकवाले बहुतांशी १६:१० ला चिकटून राहिले (अकरा इंची एअर हा अपवाद), बाकीचे २०२० नंतर हळूहळू परत आले. आजचा १६ इंची, १६:१० पडदा बरोबर साडेएकवीस सेंमी उंच भरतो. वीस वर्षं फिरून आपण त्याच जागी आलोय, फक्त दोन इंच जास्त मोजून :-)

पण उंची मोजून काम संपत नाही, कारण त्या उंचीत किती ओळी मावतात हे पिक्सेलवर आणि अक्षरं किती मोठी ठेवता यावर ठरतं. एके काळी अकरा इंची लॅपटॉपलाही १३६६ बाय ७६८ आणि साडेपंधरा इंचीलाही तेवढेच पिक्सेल असायचे. दोन्हींवर मजकूर तेवढाच दिसणार, मोठ्यावर फक्त अक्षरं मोठी. हे वाईट आहे असं मुळीच नाही. पन्नाशीच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. पण जास्त दिसेल म्हणून मोठा घेणाऱ्याचे पैसे वाया.

आता १९२० बाय १०८० सगळीकडे झालंय. तेरा इंचीवर ते जसंच्या तसं वाचणं अशक्य, म्हणून आपण अक्षरं दीडशे टक्के करतो, आणि कामाला उरतात ७२० ओळींइतके पिक्सेल. त्यातून वरच्या-खालच्या पट्ट्या वजा करा, कोडच्या २८ ओळी दिसतात. साडेपंधरावर सव्वाशे टक्क्यांत भागतं, तिथे ३५ ओळी. चौदा इंची १९२० बाय १२०० वर सव्वाशे टक्के ठेवले तर ४० ओळी, आणि डोळे कुरकुरू लागून दीडशे केले तरी ३२. (माझी ओळ वीस पिक्सेलची धरलीये, तुमची कमी-जास्त असेल.) अठ्ठावीस आणि पस्तीस यांत फरक काय, असं ज्याला वाटतं त्याने दिवसभर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून बघाव्यात. फंक्शनची सुरुवात आणि शेवट एकाच वेळी डोळ्यांसमोर असणं म्हणजे काय चैन असते, ते कळेल.

आणि एक मुद्दा, जो परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या कधी ध्यानात येत नाही. आपण मराठी वाचतो. इंग्रजी अक्षर बारीक केलं तरी ओळखू येतं. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रे, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये 'द्ध' नि 'ट्ट' सारखी एकावर एक बसलेली मंडळी. बारा पिक्सेलांत 'धु' आणि 'धू' मधला फरक दिसत नाही. अक्षर मोठं करावं लागतं, दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. म्हणजे त्याच पडद्यावर मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा कमी मावतो. दिवसभर इंग्रजीत कोड आणि रात्री मराठीत ब्लॉग असा संसार करणाऱ्याला हे लगेच कळतं.

दिघोरीच्या घरात तर हा मुद्दा आणखीच खरा आहे. कारण तिथे लॅपटॉप एकट्याचा नसतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळायला लागला, तेव्हापासून घरात ज्याच्याकडे लॅपटॉप तो घरचा तलाठी. काकाजी खुर्ची ओढून शेजारी बसतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि गट नंबर, आणेवारी, इतर हक्कातला बोजा असं एकेक बोटाने वाचत जातात. तो कागद ए-फोर, म्हणजे जवळपास तीस सेंमी उंच. तेरा इंचीवर खऱ्या मापात बघायचा तर अर्ध्याहून थोडा जास्त दिसतो. वर ढकला, खाली ढकला, "थांब, मागे घे", "पुन्हा वर जा". शिवाय तेरा इंची पडदा समोर बसलेल्या एका माणसासाठी बनवलेला असतो. बाजूने तिघं बघायला लागले की तिघंही वाकडे. रविवारी मुंबईच्या आत्याशी व्हिडिओवर बोलताना अख्खं घर त्या चौकटीत शिरायला बघतं, तेव्हा तर बघायलाच नको.

म्हणजे काकाजी बरोबर आणि बहीण चूक? तसं नाही. तिची बाजू तिने सगळ्यांसमोर मांडली नाही, मला फोनवर सांगितली. "दादा, मी काय इथेच राहणार आहे का कायमची?" तिला वर्षभरात पुण्याला यायचंय. तेरा इंची लॅपटॉप हा तिच्यासाठी सॅकमध्ये मावणारा, कॅफेत उघडता येणारा, अजनी-पुणे वंदे भारतच्या त्या ट्रेवर बसणारा लॅपटॉप आहे. सोळा इंची म्हणजे ओसरीतल्या टेबलावर ठाण मांडून बसलेली वस्तू, जी घराची होऊन जाते आणि मग घरातून हलत नाही. काकाजींनाही हे कळतंच असणार. ते मोठा घे म्हणतात ते फक्त चष्म्यापायी, असं मला वाटत नाही.

छोट्याचे फायदे मी नाकारत नाही. चेअर कारमध्ये पुढच्याने सीट मागे टेकवली की सोळा इंचीचं झाकण नीट उघडतच नाही, तेरा इंची निभावून नेतो. एस.टी.त मात्र दोन्ही सारखेच, म्हणजे दोन्ही पिशवीतच ठेवायचे. भंडाऱ्याहून गावी जाताना धक्क्यांत कोड लिहिणारा अजून जन्मायचाय.

पण पुण्याला आल्यावर ती राहणार कुठे? एखाद्या पी.जी.त, खोलीत तिघी, आणि टेबल म्हणजे पलंग. तिथे तरी कुठला आलाय मॉनिटर? कंपनीत मिळेल, पण परीक्षेचा अभ्यास, मुलाखतीची तयारी, रात्रीचं काम, सगळं त्याच एका पडद्यावर. छोटा घे आणि मॉनिटर लाव, हा सल्ला तिला दिघोरीतही लागू नाही आणि कोथरूडच्या पी.जी.तही नाही. आणि सव्वीसाव्या वर्षी जी अक्षरं सहज दिसतात ती बत्तिसाव्या वर्षीही तशीच दिसतील याची हमी कोण देणार?

म्हणून पंचांचा कौल असा : तेरा इंची १६:९ नकोच, तो कितीही गोड दिसला तरी. घरातच राहणार असती तर मी डोळे मिटून सोळा सांगितला असता. निघायचं नक्की असेल तर चौदा इंची, १६:१०, १९२० बाय १२००, आणि पडदा चकचकीत नको, मॅट हवा, कारण ओसरीत दुपारी उजेड मागून येतो. साडेतेरा इंची ३:२ चा कुठे परवडण्यासारखा मिळाला तर तोही चालेल, त्याची उंची एकोणीस सेंमी, जवळजवळ साडेपंधराएवढीच.

तिला मी एक काम सांगितलंय. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापायचे, एक ३०.२ बाय १८.८ चा, दुसरा ३४.५ बाय २१.५ चा. दोन्ही आठवडाभर टेबलावर, सॅकमध्ये, मांडीवर ठेवून बघायचे, आणि काकाजींना दीड हात लांब बसवून त्यांवर चिकटवलेला सातबारा वाचायला लावायचा. चुकारे अजून जमा झालेले नाहीत, तेव्हा वेळ भरपूर आहे. काल फोन केला तर म्हणाली, मोठा पुठ्ठा काकाजींनी धानाच्या हिशोबासाठी नेलाय, छोटा तिच्या सॅकमध्ये आहे.