उत्सवाचा यजमान कोण?

दसऱ्याला आपण ज्या झेंडूचे तोरण दाराला बांधतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याच मेक्सिकोत दर वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला घरोघरी दिवंगत पूर्वजांसाठी वेदी मांडली जाते, झेंडूच्या पाकळ्यांनी पितरांची वाट रेखली जाते आणि नैवेद्यात अनेक ठिकाणी चॉकलेटचा पेला ठेवला जातो. आपल्या पितृपक्षाचे सहज स्मरण व्हावे असा हा उत्सव २००८ साली ‘युनेस्को’च्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समाविष्ट झाला. चॉकलेट म्हणताच चकचकीत वेष्टनातली भेटपेटी डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी वेदीवरच्या त्या पेल्याची कथा अवश्य जाणून घ्यावी.

कोको ही मध्य अमेरिकेतील माया आणि अझ्टेक समाजांची पवित्र वस्तू. तिच्या बियांनी बाजारात व्यवहार होत, राजाला कर दिला जाई आणि त्यांपासून सिद्ध केलेले फेसाळ पेय धार्मिक विधींत स्थान मिळवून होते. १५२१ साली अझ्टेकांची राजधानी स्पॅनिश आक्रमकांच्या हाती पडली. पुढे १५६२ साली युकातान प्रांतातील मानी येथे दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्ती आणि ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. इतिहासाचा विरोधाभास असा, की कोकोचे मळे बाळगणारे माया लोक आपल्या देवतांचा वार्षिक उत्सव कसा करीत, याची नोंदही आपल्याला याच लांदाच्या लेखनातून मिळते.

ग्रंथ जळाले, देवळे पडली, धर्म बदलला. आजच्या पितृ-उत्सवाची तिथीही चर्चच्या दिनदर्शिकेतील आहे. पण पेला टिकला. वाहाका प्रांतात कोको पाट्यासारख्या दगडावर वाटण्याची आणि लाकडी रवी दोन्ही तळव्यांत फिरवून पेयाला फेस आणण्याची रीत अद्याप जिवंत आहे. ज्ञान ग्रंथांतून पुसले गेले तरी ते हातांत उरले, आणि आईच्या हातांतून लेकीच्या हातांत गेले. पराभूत समाजाला तगवून धरणारी शक्ती कित्येकदा स्वयंपाकघरात असते, ती अशी.

युरोपात गेलेल्या कोकोची वाटचाल मात्र निराळी झाली. तिथे साखर मिसळली, यंत्रे आली, कारखाने उभे राहिले. इंग्लंडमधील फ्राय कंपनीने १८७३ साली ईस्टरसाठी चॉकलेटचे अंडे बाजारात आणले. दोनच वर्षांनी कॅडबरीने तोच मार्ग धरला. सण धर्माचा होता. त्याचा प्रसाद कारखाना ठरवू लागला. म्हणजे उत्सव तोच राहिला, यजमान बदलला.

आपल्यापुढील प्रश्नही नेमका हाच आहे. वस्तू परदेशी आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मिरची, बटाटा, शेंगदाणा, रताळे ही सारी अमेरिका खंडाची देणगी. त्यांतल्या कित्येकांना आपण एकादशीच्या फराळात मानाचे पान दिले. हिंदू समाजाची पचनशक्ती अशी विलक्षण आहे. परंतु या सर्व वस्तू आपल्या घरी पाहुण्या म्हणून आल्या, आपल्या रीतीत मिसळल्या आणि घरच्या झाल्या. राखी आणि भाऊबीजेच्या तबकात शिरलेली चॉकलेटची पेटी मात्र पाहुणी म्हणून येत नाही. ती यजमानाचे आसन मागते. २०१० साली जाहिरातींनी ‘शुभारंभ’ हा आपल्याच संस्कृतीतला शब्द उचलला आणि मंगल कार्याची सुरुवात चॉकलेटने करण्याचा पाठ घरोघरी पोहोचवला. दही-साखरेची जागा घेण्यासाठी भाषाही आपलीच वापरली गेली!

पेटी विकत आणण्यास काही कष्ट पडत नाहीत, आणि हीच खरी हानी आहे. करंजीची मुरड घालताना आजी नातीशी बोलते, तो संवाद पेटीत मिळत नाही. अर्थात फराळाचा सारा भार गृहिणीच्या शिरावर टाकून संस्कृतीची चिंता वाहणे हा दांभिकपणा होईल. घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही परातीभोवती बसावे. कुटुंब प्रबोधन याहून वेगळे काय असते?

आणि चॉकलेट खायचेच, तर स्वदेशीचा विवेकही जागा ठेवावा. कर्नाटक-केरळातील शेतकऱ्यांनी १९७३ साली ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था स्थापन केली. कोकोचे भाव कोसळून खरेदीदारांनी पाठ फिरवली, तेव्हा तिने शेतकऱ्यांचा कोको विकत घेतला आणि १९८६ साली पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. झाड परदेशी, पण घाम, भांडवल आणि निर्णय इथल्या शेतकऱ्यांचा. स्वदेशी म्हणजे नकार नव्हे, स्वामित्व आहे, हे सांगणारे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मुलांच्या हातातले चॉकलेट हिसकावून घेण्याने संस्कृतीचे रक्षण होत नसते. ते खुशाल खावे. मात्र देवापुढील नैवेद्य, पितरांचे पान आणि भावाचे औक्षण यांत काय असावे, हे आपल्या घराने ठरवावे. येत्या दिवाळीत किमान एक पदार्थ घरातील सर्वांनी मिळून करावा आणि त्याची कृती पुढच्या पिढीच्या हातांत द्यावी. सर्वस्व गमावलेल्या माया-अझ्टेकांच्या वंशजांनी एक पेला सांभाळला. आपल्याकडे तर अजून भरलेले ताट आहे.