हजेरी नको, पुस्तक द्या

संपादक महाशय,


विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसणाऱ्यांना चांगले गुण पडतात, म्हणून तिथल्या हजेरीलाही गुण द्यावेत, ही आपल्या अंकातील एका पत्रलेखकाची सूचना मला अजिबात पटली नाही.

ब्रिटनमध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ मध्ये आठ विद्यापीठांच्या नोंदी तपासल्या गेल्या. घरी नेलेली पुस्तके आणि ई-साधनांचा वापर यांचा पदवीच्या निकालाशी संबंध दिसला. दारातून आत गेल्याच्या नोंदींचा मात्र दिसला नाही. शिवाय संबंध म्हणजे कारण नव्हे. मुळात अभ्यासू मूलच पुस्तक मागायला जाते, असेही असेल. आपल्याकडे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठीही ग्रंथालयातली रोजची वर्दळ मोजत आले आहेत, पण त्यातून वाचन कळत नाही.

माझी मुलगी मलकापूरहून एसटीने शिवाजी विद्यापीठात जाते. तिथल्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे ग्रंथालयात, संध्याकाळी बसावे, तर परतीची गाडी निघून जाते. वसतिगृहातल्या मुलींपेक्षा तिची हजेरी कमीच भरणार. पण तिच्या पिशवीतले अर्थशास्त्राचे पुस्तक उघडून पाहा: पानापानांत खुणेला एसटीची तिकिटे. वाटेवरचे बांबवडे येईपर्यंत एक प्रकरण होते, म्हणते. ते वाचन कोणत्या हजेरीपटावर येणार?

गुण द्यायचेच असतील तर प्राध्यापकांनी असे प्रकल्प द्यावेत, जे चार पुस्तके चाळल्याशिवाय लिहिताच येणार नाहीत. आणि शाहूवाडीसारख्या तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्यांना दोन पुस्तके जास्त, आठवडाभर जास्त मुदतीने घरी न्यायला मिळावीत.

एक पालक, मलकापूर (ता. शाहूवाडी)