जनुकपेढीत वळू आहेत, गाई कुठे?




देशी गोवंशाच्या जतनाचा विषय निघाला की चर्चा वळूच्या गोठवलेल्या वीर्यापाशी येऊन थांबते. त्यात नवल नाही. ग्लिसरॉल घातले तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, हे 1949 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आज द्रव नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून रेतनासाठी येणारा माणूस गावोगावच्या गोठ्यांत ओळखीचा आहे. पण जातीचा निम्मा वारसा गाईकडून येतो, आणि तिची बीजांडे जपून ठेवण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

समजा, खिल्लार गाई संपल्या आणि फक्त रेतमात्रा उरल्या. दुसऱ्या जातीच्या गाईला त्या भरल्या तर होणारी कालवड निम्मीच खिल्लार. तिला पुन्हा खिल्लारचे रेतन, तिच्या कालवडीला पुन्हा तेच, असे करत पाचव्या पिढीला खिल्लारचा वाटा सुमारे 97 टक्क्यांवर पोचतो. देशी गाय पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षे लागतात, म्हणजे एवढ्यासाठी पंधरा-सोळा वर्षे गेली. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातील जनुके आईकडूनच येतात. ती वीर्यातून कधीच परत मिळणार नाहीत.

ही वेळ न्यूझीलंडवर आली होती. त्या देशाच्या दक्षिणेला एंडर्बी बेट आहे. तिथे समुद्री शेवाळ खाऊन तगलेली गुरे होती. बेटावरचा निसर्ग वाचवण्यासाठी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती मारण्यात आली. वळूंचे वीर्य गोठवून ठेवले होते, पण गाय उरली एकच, ‘लेडी’. अखेर 1998 साली तिच्या पेशींपासून क्लोन केलेली ‘एल्सी’ जन्माला घालावी लागली. अख्ख्या जातीची मादीची बाजू एका जनावरावर येऊन ठेपली होती.

आपल्याकडे असे होणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. 2019 च्या पशुगणनेत देशी गुरांची संख्या 2012 च्या तुलनेत 6 टक्क्यांनी घटली, तर विदेशी व संकरित गुरे वाढली. 2022 साली लम्पी चर्मरोगाच्या साथीने राज्यातील हजारो जनावरे नेली. ज्या जातीचा वावर दोन-चार तालुक्यांपुरता आहे, तिला अशी एक साथही जड जाते.

बीजांड गोठवणे अवघड आहे, हे खरे. गाईचे बीजांड मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढे असते. शुक्राणूच्या मानाने ते फारच मोठे, आत पाणी भरपूर आणि स्निग्ध कणांची दाटी. सावकाश गोठवले तर पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटते. नुसत्या गारठ्यानेही गुणसूत्रे धरून ठेवणारी तर्कूची रचना विस्कटते. म्हणून पेशीतले पाणी बरेचसे काढून, अगदी थोड्या द्रावणात ठेवून ते बीजांड थेट उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवतात. सगळे इतके झटपट होते की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. डेन्मार्कमध्ये गाबोर वायटा यांच्या गटाने 1998 साली ओढून बारीक केलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरून ही पद्धत सुधारली आणि त्यातून वासरेही जन्मली. तरीही ताज्या बीजांडांच्या मानाने गोठवलेल्या बीजांडांतून भ्रूण बरेच कमी तयार होतात.

मग थेट भ्रूणच का गोठवू नयेत, असा आक्षेप येतो. भ्रूण जरूर ठेवावेत, ते अधिक चांगले टिकतात. पण भ्रूण ठेवताना त्याचा बाप ठरून गेलेला असतो. बीजांड ठेवले तर वीस वर्षांनी कोणता वळू वापरायचा, याचा निर्णय त्या वेळच्या पैदासकाराच्या हाती राहतो. छोट्या कळपात नात्यातला संकर टाळायला ही मोकळीक फार मोलाची आहे. शिवाय चांगली गाय अचानक दगावली तर काही तासांत तिचे बीजकोश काढून बीजांडे मिळवता येतात. योग्य वळूची निवड तेव्हा घाईत करावी लागत नाही.

कौशल्य देशात आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 1990 सालीच प्रयोगशाळेतील फलनातून म्हशीचे रेडकू जन्मले होते. सोनोग्राफीच्या मदतीने जिवंत गाईची बीजांडे सुईने शोषून घेण्याचे कामही आता आपल्याकडे होते.

राज्य मंत्रिमंडळाने 2022 साली ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली. स्थानिक पशुधन हा त्यातला एक विषय आहे. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला या गाई आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशी, प्रत्येक जातीच्या नात्याने दूर असलेल्या माद्यांची बीजांडे, भ्रूण आणि बीजकोशाच्या ऊती त्यात ठेवल्या जाव्यात. नमुना देणाऱ्या पशुपालकाचे नाव नोंदवावे आणि त्याला मोबदला मिळावा. यश अजून कमी असल्याने पद्धत सुधारण्याच्या संशोधनासाठी वेगळी तरतूद हवी. एका ठिकाणी नायट्रोजनचा पुरवठा खंडला तरी सगळे वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक साठ्याचा निम्मा भाग दुसऱ्या जिल्ह्यात ठेवावा. आणि या खर्चासाठी गोठ्यात देशी गाय सांभाळणाऱ्याच्या अनुदानाला हात लावू नये. जिवंत कळप राखणे हे पहिले काम आहे, पेढी त्याच्या जोडीला हवी.

आपला,
एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)